आमच्या ताईचे डॉक्टर नक्की कोण? हॉस्पिटलच्या सगळ्या विभागप्रमुखांना खुलं पत्र

सर्व विभागप्रमुख आणि मेडिकल सुपरिटेंडंट यांना,

नमस्कार.

हॉस्पिटलचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये, कुठल्या डॉक्टरांचंही नाही. कोणाची बदनामी करायची नाही आणि तसंही ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना हे वाचताना आपापलंच हॉस्पिटल डोळ्यासमोर येईल. तुम्ही मात्र आम्हाला ओळखाल कदाचित. दोन जाड फायली रबरबँडने बांधून आणि औषधांची कापडी पिशवी खांद्याला लावून चार वर्षं तुमच्या लिफ्टमधून वरखाली करणाऱ्या दोघी बहिणी, त्या आम्ही. ताई पेशंट, मी फाईल धरणारी.

ताईला ल्युपस आहे. तुम्हाला काय सांगायचं, पण बाकीचे वाचतील म्हणून लिहिते. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो हा आजार, सांधे, कातडी, किडनी, फुप्फुसावरचं आवरण, रक्तातल्या पेशी, कुठेही जाऊ शकतो. ताईचं सांध्यांपासून सुरू झालं, मग किडनीत उतरलं, किडनीमुळे बीपी, स्टिरॉइडमुळे शुगर, आणि एक गोळी अशी आहे की तिच्यासाठी डोळ्याचा पडदा तपासत राहायला लागतो. म्हणजे संधिवात विभाग, नेफ्रो म्हणजे किडनीवाले, मेडिसिन, डोळे, आणि मधूनमधून ऑर्थो म्हणजे हाडांचे नि स्किन. सहा ओपीडी, सहा वार, सहा केसपेपर. आजार एकच आहे हं.

आता मागच्या वर्षीचं सांगते, कारण त्यासाठीच हे पत्र आहे.

ताईच्या पायाचा अंगठा एका रात्रीत सुजला, लालभडक, नुसती चादर लागली तरी कळवळायची. संधिवाताच्या मॅडम रजेवर होत्या म्हणून ऑर्थोच्या ओपीडीत दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट पाहिलं, युरिक ॲसिड करायला लावलं, ते वाढलेलं निघालं, गाऊट आहे म्हणाले, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सुजलेला सांधा, आठ दिवसांची पेनकिलर दिली आणि सोबत युरिक ॲसिड कमी करायचं ॲलोप्युरिनॉल सुरू केलं. मी फाईल पुढे केली होती. "ती मोठी फाईल राहू द्या, अंगठ्याचं सांगा" म्हणाले, चिडून नाही, चांगलं हसत. बाहेर साठ-सत्तर माणसं बसलेली होती, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आज लवकर सुटलो असंच वाटलं.

ताई तेव्हा दोन वर्षांपासून ॲझाथायोप्रिन घेत होती, ल्युपससाठी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. तुमच्याच दुसऱ्या मजल्यावरून, संधिवात विभागातून लिहून दिलेलं.

तीन आठवड्यांनी ताप आला, तोंडात फोड आले, पाणी गिळवेना. इमर्जन्सीत रक्त काढलं तर पांढऱ्या पेशी ९००. निदान ४००० तरी असायला पाहिजेत एवढं आता मला झोपेतही माहितीये. लगेच ॲडमिट, वेगळी खोली, मास्क, भेटायला कोणी यायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी राऊंड सुरू झाले. संधिवाताची टीम आली, ल्युपसच भडकलेला दिसतोय, स्टिरॉइड वाढवू. मेडिसिनची टीम आली, इन्फेक्शन आहे, स्टिरॉइड वाढवायचं नाही. रक्ताच्या विभागाचे डॉक्टर आले, बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा मगज, काढून बघावं लागेल, उद्या करू. तिन्ही मतं एकाच दिवशी, एकाच फाईलमध्ये, वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळ्या अक्षरात लिहिलेली मी बघितली. एकाही पानावर दुसऱ्या पानाचा उल्लेख नव्हता. तिघांपैकी कोणी कोणाला फोन केला असेल तर तो मला तरी दिसला नाही, आणि मी चोवीस तास तिथेच होते.

त्या रात्री साडेअकराला ड्युटीवरची रेसिडेंट, म्हणजे अजून शिकत असलेली डॉक्टर, आली, वयाने माझ्याहून लहान असेल, डोळे सुजलेले, आदल्या रात्रीपण तीच होती. सलाईन बघितलं, ताप बघितला आणि अचानक विचारलं, घरून औषधं काय काय आणलीयेत? मी पिशवी दिली. तिने ती पलंगाच्या पायथ्याशी चक्क ओतली. एकेक स्ट्रिप उचलायची, उलटी करायची, मागचं बारीक नाव मोबाईलच्या उजेडात वाचायचं आणि रिपोर्टच्या पाकिटावर लिहायचं. डबल निघालेल्या बाजूला. एक्सपायर झालेल्या बाजूला. अकरावी का बारावी स्ट्रिप हातात घेतली आणि थांबली.

"ही कोणी दिली? कधीपासून चालू आहे?"

मी सांगितलं. ती काही न बोलता फोन घेऊन बाहेर गेली. सकाळी दोन्ही गोळ्या बंद झाल्या, बोन मॅरो रद्द झालं. पेशी वर यायला पुढे बारा दिवस लागले. त्या मुलीचं नाव कुठल्याच डिस्चार्ज कार्डवर नाही, साहजिक आहे, ती कन्सल्टंट नव्हती ना.

घरी आल्यावर मी या दोन गोळ्यांबद्दल बसून वाचलं आणि वाचून जास्तच संताप झाला. ॲझाथायोप्रिन शरीरात गेलं की त्यातून मर्कॅप्टोप्युरिन तयार होतं आणि ते निकामी करून बाहेर काढायचं बरंचसं काम एक एन्झाइम करतं, झँथिन ऑक्सिडेज. ॲलोप्युरिनॉल नेमकं तेच एन्झाइम अडवतं, युरिक ॲसिड कमी होतं ते त्यामुळेच. मग आधीचं औषध साठत जातं आणि बोन मॅरो दाबला जातो. दोन्ही द्यायचीच वेळ आली तर ॲझाथायोप्रिनचा डोस साधारण पाव करायचा आणि रक्तावर लक्ष ठेवायचं. ही काही कालपरवा कळलेली गोष्ट नाही. ही दोन्ही औषधं गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या एकाच प्रयोगशाळेतून आली, त्या दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, आणि ॲलोप्युरिनॉल पहिल्यांदा वापरून बघितलं गेलं ते मर्कॅप्टोप्युरिन शरीरात जास्त वेळ टिकावं म्हणूनच! म्हणजे एकाने दुसऱ्याचा जोर वाढतो हे १९६० च्या दशकापासून माहिती आहे. एका टीमने शोधलेली दोन औषधं, तुमच्या एकाच इमारतीतून लिहून दिलेली, आणि दोघांची गाठ पडली ती थेट आमच्या ताईच्या पोटात.

मग चूक कोणाची? मी खूप विचार केला यावर. ऑर्थोच्या डॉक्टरांनी अंगठ्याचं बरोबर ओळखलं. संधिवाताच्या मॅडमनी ॲझाथायोप्रिन योग्यच दिलं होतं. नेफ्रोवाल्या सरांनी दोन महिन्यांपूर्वीच्या केसपेपरवर युरिक ॲसिड वाढतंय अशी नोंद केलेली होती, तीही बरोबर. आपापल्या खोलीत प्रत्येकजण बरोबर होता. आणि पेशंट ९०० पेशींवर.

मायकल बॅलिंट नावाचे डॉक्टर लंडनमध्ये होते, जन्माने हंगेरीचे, त्यांनी १९५७ मध्येच याला नाव देऊन ठेवलंय, मराठीत सांगायचं तर अनामिकपणाची मिलीभगत. पेशंट एका स्पेशालिस्टकडून दुसऱ्याकडे जात राहतो, मोठे मोठे निर्णय होत राहतात पण ते आपण घेतले असं कोणालाच वाटत नाही. मला हे वाचून हसू आलं. सत्तरएक वर्षांत स्कॅनिंगची मशिनं कुठल्या कुठे गेली आणि हे आपलं जिथल्या तिथे.

त्या पेनकिलरचं राहिलंच. ॲडमिशन संपल्यावर पहिल्या नेफ्रो ओपीडीत सरांनी क्रिएटिनिन (किडनी किती चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) बघितलं, पेनकिलर घेतली होती हे कळलं आणि ताईला जे झापलंय. किडनीचे पेशंट आहात, बीपीची ती गोळी चालू आहे, लघवीची गोळी चालू आहे, वर पेनकिलर? या तीन एकत्र घेतल्या तर किडनी बसते हे कळत नाही का? कोणी सांगितलं होतं घ्यायला? ताई गप्प. मी म्हटलं, सर, तिसऱ्या मजल्याने, ऑर्थोने. सर एक सेकंद थांबले आणि "त्यांनी आम्हाला विचारायला पाहिजे होतं" असं मला म्हणाले. मला! जणू काही तिसरा मजला माझ्या हाताखाली आहे.

ही खरी गंमत आहे बघा. तुमच्या विभागांमधलं बोलणं आमच्या तोंडून होतं. "मॅडमना सांगा आमच्याकडून मायकोफेनोलेट सुरू करायला हरकत नाही पण इन्फेक्शन क्लिअर झाल्याचं मेडिसिनकडून लिहून आणा." मग मी मेडिसिनला. ते म्हणणार आमच्याकडून क्लिअरच आहे, पण स्टिरॉइड किती ठेवणार ते त्यांना विचारा. मग परत वर. मी दिवसभर हिशोबाच्या एंट्र्या करणारी बाई आहे हो, मला मायकोफेनोलेट (तेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) हा शब्द नीट म्हणता यायला दोन महिने लागले आणि तुम्ही माझ्याकडे त्याचे निरोप देता. लहानपणी कानगोष्टींचा खेळ खेळायचो तसं होतं, एका टोकाला सांगितलेलं दुसऱ्या टोकाला भलतंच पोचतं. एकदा मी "कमी करा" आणि "कमी झालंय" यात घोळ घातला होता, नशीब की मॅडमनी रिपोर्ट स्वतः बघितला. आणि मी निदान फाईल वाचू शकते. ज्यांच्यासोबत कोणी येत नाही, किंवा ज्यांना वाचताच येत नाही, त्यांच्या दोन मजल्यांमधले निरोप कोण नेत असेल?

ॲडमिट असताना पाण्याचंही तेच. सकाळी नेफ्रोचा राऊंड, दिवसभरात एक लिटरच्या वर पाणी नको. तासाभराने मेडिसिनचा राऊंड, ताप आहे, भरपूर पाणी पाजा. दोघं गेल्यावर सिस्टर चार्ट घेऊन माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नक्की काय लिहू? तुम्हीच विचारता का त्यांना? मी विचारलं तर ओरडतात." ताई झोपल्या झोपल्या म्हणाली, "अगं दोघांचं अर्ध अर्ध कर." त्या दिवशी एवढं एकच हसलो आम्ही.

रक्ताचं तर बोलायलाच नको. आधीच रक्त कमी, शिरा सापडत नाहीत, आणि एकाच दिवशी सकाळी सहाला, अकराला आणि चारला तीन विभागांसाठी तीनदा सीबीसी आणि क्रिएटिनिन. तिन्ही रिपोर्ट जवळपास सारखे. तिसऱ्या वेळी ताईने हात पांघरुणात ओढून घेतला.

आता रेफरन्स या प्रकाराबद्दल. तुमचा रेफरन्स म्हणजे काय असतं ते मी प्रत्यक्ष वाचलंय कारण तो कागद घेऊन जाणारी बऱ्याचदा मीच असते. "ल्युपसचा जुना पेशंट. ओपिनियन प्लीज." संपलं. प्रश्न काय आहे? तर प्रश्नच नाही. पेशंट का पाठवलाय, तुम्हाला काय शंका आहे, कधीपर्यंत उत्तर पाहिजे, काहीच नाही. मग पलीकडचेही तसंच उत्तर देतात, "पाहिलं. सध्या आमच्याकडून काही विशेष नाही. बाकी उपचार चालू ठेवा." बाकी म्हणजे कुठले? तोच तर वाद आहे ना. याउलट त्या रेसिडेंटने रात्री फोनवर काय विचारलं असेल? पेशंट ॲझाथायोप्रिनवर आहे, तीन आठवडे ॲलोप्युरिनॉल मिळालंय, दोन्ही बंद करू का? एका वाक्यात प्रश्न, एका वाक्यात उत्तर, आणि एक माणूस वाचला.

कॉम्प्युटर आलेत तुमच्याकडे, मान्य. पण माझं निरीक्षण सांगू का, कॉम्प्युटरमुळे लिहिणं कमी झालं, वाचणं वाढलं नाही. मागच्या डिस्चार्ज समरीत वर्षभरापूर्वी बंद केलेली गोळी चालू म्हणून छापून आली होती, कारण जुना मजकूर कॉपी करून खाली नवीन तारीख टाकलेली. मी तुमच्या डिस्चार्ज काउंटरवर उभं राहून पेनाने ती खोडली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला असं खोडता येत नाही. मी म्हटलं मग घेता येते का?

तुम्हाला वेळ नसतो हे मला दिसतं. मी ओपीडीत बसलेली असते ना, दारात उभं राहून भांडणारे लोक, एकामागून एक फोन, जेवायची वेळ टळून गेलेली, सगळं बघते. तुमच्यातला एकही माणूस मला कामचुकार वाटला नाही. म्हणून तर राग जास्त येतो, एवढी मेहनत करणारी माणसं एकमेकांशी पाच मिनिटं बोलत नाहीत म्हणून त्या मेहनतीची माती होते. आणि वेळेचंच म्हणाल तर अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलांच्या लहान मुलांच्या विभागात ड्युटी बदलताना पेशंटची माहिती ठरलेल्या क्रमाने सांगायची पद्धत लावली, पेशंट किती सिरीयस, थोडक्यात काय झालंय, काय करायचंय, काय बिघडू शकतं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. २०१४ मध्ये त्याचे आकडे छापून आले, उपचारातल्या चुका २३ टक्क्यांनी कमी, टाळता येण्यासारखी इजा ३० टक्क्यांनी कमी, आणि माहिती द्यायला लागणारा वेळ म्हणावा तसा वाढला नाही. तो अभ्यास शिफ्ट बदलतानाचा होता, विभागांमधला नाही, हे मला कळतं. पण ऐकलेलं परत बोलून दाखवा, एवढं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामध्येपण करता येईल की नाही?

शिवाय तुम्हाला हे येत नाही असं अजिबात नाहीये. कॅन्सरच्या पेशंटसाठी तुमच्याकडे दर आठवड्याला ट्युमर बोर्ड बसतो. सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजी, सगळे एका टेबलाला, एकेका पेशंटवर बोलून एकच प्लॅन ठरतो. आमच्या शेजारच्या बेडच्या मावशींचं तसं झालं, त्यांच्या मुलाला एक कागद मिळाला, त्यावर एक प्लॅन आणि एक फोन नंबर. मी तो कागद हातात घेऊन बघत बसले होते. ब्रिटनमध्ये १९९५ च्या सरकारी अहवालानंतर कॅन्सरसाठी अशा एकत्र टीम रूढ झाल्या, म्हणजे सवय लावली तर लागते. मग सहा विभागांत फिरणाऱ्या ल्युपसच्या, किडनी आणि हार्ट दोन्ही गेलेल्या, अवयव बदललेल्या पेशंटना तसं टेबल का नाही? सगळ्यांना नको. ज्यांच्या फाईलवर चारच्या वर विभाग आहेत तेवढ्यांनाच, पंधरा दिवसांतून एक तास. खोली तीच वापरा, ट्युमर बोर्डाची.

तोपर्यंत निदान एक करा, अशा पेशंटच्या फाईलच्या पहिल्या पानावर एका डॉक्टरचं नाव लिहा. एकाच. युनिटचं नाही, विभागाचं नाही, माणसाचं. बाकी पाच जणांनी काहीही नवीन सुरू केलं, बंद केलं, डोस बदलला की त्या माणसाला कळवायचं, आम्ही नाही कळवणार, तुम्ही. त्याला सगळ्यातलं सगळं येत असण्याची गरज नाही, भांडण झालं तर ते मिटवायची जबाबदारी त्याची एवढंच. आणि औषधांची यादी एक, सहा नाही, दर भेटीत पिशवीतल्या स्ट्रिपांशी ताडून बघितलेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करायची मोहीम काढली तेव्हा तीन ठिकाणं धोक्याची म्हणून सांगितली होती, एकाच वेळी खूप औषधं, जोखमीची औषधं नि परिस्थिती, आणि पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो ती वेळ. आमची ताई तिन्हीत बसते, रोज.

ही यादी तुमच्या फार्मसीतल्या माणसाकडे दिली तरी चालेल, खरं तर त्यालाच द्या, डॉक्टरांपेक्षा त्याच्या लवकर लक्षात येईल असं मला वाटतं. त्याला ओपीडीच्या बाहेर एक खुर्ची टाकून बसवा.

डोळ्यांच्या विभागाचा निरोप अजून माझ्याकडे पडून आहे. किडनी कमी चालतेय तर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा, म्हणजे जिच्यासाठी डोळ्याचा पडदा तपासतात त्या गोळीचा, डोस परत बघावा लागेल, संधिवाताला विचारा, असं त्यांनी सांगितलंय. संधिवाताच्या मॅडम म्हणाल्या, डोळेवाल्यांनी लिहून दिलं तर कमी करते. डोळेवाले लिहून देत नाहीत, डोस आमचा विषय नाही म्हणतात. याला आता पाच आठवडे झाले, गोळी तेवढीच चालू आहे.

मंगळवारी अकराला आम्ही संधिवाताच्या ओपीडीत आहोत, बुधवारी नेफ्रो, शुक्रवारी डोळे. या वेळी मी नवीन फाईल केलीये. पहिल्या पानावर ताईचं नाव, रक्तगट, सगळ्या गोळ्या डोससकट, कुठली गोळी कुठल्या गोळीबरोबर चालत नाही ते लाल पेनाने. सगळ्यात वर "जबाबदार डॉक्टर" असं लिहून पुढची ओळ रिकामी सोडलीये. पेन फाईललाच दोऱ्याने बांधून आणते.

फाईल धरणारी बहीण